सात नंबरच्या खाटेचा आकडा

काटेसाहेबांनी खाटेच्या डोक्याशी लटकणारं घंटेचं बटण दाबलं आणि ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. दुपारचे पावणेदोन वाजले होते. सकाळची पाळी निघायच्या गडबडीत होती आणि दुपारची जेमतेम येऊन टेकत होती. कुठल्याही जागेचं खरं रूप बघायचं तर याच वेळेला, असं त्यांचं पक्कं मत होतं.

"आता कशाला दाबलीस?" खाटेवरून ताई म्हणाली. "पोरी जेवायला बसल्या असतील."

"म्हणूनच दाबली."

एक मिनिट दहा सेकंदांनी दुपारच्या पाळीची एक तरुण नर्स लगबगीने आत आली. तोंडातला घास तिने बहुधा दारातच गिळला होता. "काय झालं, आजी?"

"तिला काही झालेलं नाही. मी दाबली," काटेसाहेब म्हणाले.

"काही हवंय का, काका?"

"नाही. माझं काम झालं."

ती बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघून परत गेली. ताईने डोळे मिटले. "छोट्या, अरे चौसष्ट वर्षांचा झालास. दारावरची बेल वाजवून पळणाऱ्या पोरासारखा काय वागतोस?"

छोट्या म्हणणारी ताई आता जगात एकटीच उरली होती. बाकी सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत. हे आडनाव नव्हे. एकतीस वर्षं वजनमापं तपासण्याची नोकरी केली आणि बाजारातल्या दुकानदारांनी मागे लावलेलं हे नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. त्यांनी किती काटे जप्त केले याची गणती नव्हती आणि किती चहा नाकारले याची तर नव्हतीच. तपासणी आधी कळवून करायची नाही हा त्यांचा नियम. कळवलं की सगळ्यांचेच काटे बरोबर असतात.

ताईच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, की आता इलाज नाही, उरलेले दिवस त्रासाविना जावेत एवढंच बघायचं, तेव्हा काटेसाहेबांनी या शेवटच्या दिवसांतल्या माणसांना सांभाळणाऱ्या चार जागा पालथ्या घातल्या. एका ठिकाणी दारात कारंजं होतं आणि आतल्या चादरींवर डाग. दुसऱ्या ठिकाणी बाई इतकं गोड बोलली की त्यांना तिथेच संशय आला. तिसऱ्या ठिकाणची घंटा सहा मिनिटं कुणी ऐकलीच नाही. या चौथ्या जागेला त्यांनी तीन वेळा न कळवता भेट दिली होती, संडासातली घंटासुद्धा वाजवून बघितली होती, आणि एकदाही दोन मिनिटांच्या वर वेळ लागला नव्हता. मग पसंतीचा शिक्का मारावा तसं त्यांनी ताईला इथे आणलं. कुणाला सांगितलं नाही, पण आपल्या निवडीचा त्यांना अभिमान वाटत होता.

आज अकरावा दिवस. आणि आज त्यांना पहिल्यांदा काहीतरी खटकत होतं. काय, ते सापडत नव्हतं, म्हणून तर चिडचिड. ताईचा डावा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर होता, आणि बोलताना, हसतानासुद्धा तिची मूठ सुटत नव्हती.

"दुखतंय का?"

"या वयात न दुखायला काय झालंय? चालायचंच."

"म्हणजे किती?"

"तीन," ताई म्हणाली.

इथे रोज चार वेळा दुखण्याचा आकडा विचारत. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. काटेसाहेबांना ही पद्धत फार आवडली होती. माणसाच्या दुखण्याला कुणीतरी माप लावलं, याचं त्यांना मनापासून समाधान वाटलं होतं. रोज संध्याकाळी ते फोन करून आकडा विचारत. "तीन आहे काका, छान आहे," असं पलीकडून ऐकलं की ते निवांत झोपत.

त्यांनी खाटेच्या पायथ्याची फाईल उचलली आणि उभ्याउभ्याच तक्ता चाळला. तीन. तीन. तीन. पान उलटलं. तीन. परवा पाठीची जखम धुऊन पट्टी बदलली, त्या वेळी तीन. मंगळवारी दुपारी 'रुग्ण शांत झोपलेली' असा शेरा होता आणि समोर आकडा होता तीन.

काटेसाहेबांनी पान परत मागे उलटलं. अर्धा किलो ठेवा, एक किलो ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका, काटा तिथेच. असे काटे त्यांनी आयुष्यात कितीतरी बघितले होते. दुकानदार शपथेवर सांगे, साहेब, कधी फरक पडत नाही हो. फरक पडत नाही म्हणूनच तो जप्त करायचा असतो, हे त्याला समजावता समजावता नाकी नऊ येत.

ते फाईल घेऊन तरातरा इनचार्जबाईंच्या खोलीत गेले.

बाईंनी हसून खुर्ची दाखवली आणि ते बसायच्या आत एक कागद पुढे सरकवला. "बरं झालं आलात, सर. नातेवाइकांचा अभिप्राय घ्यायचा होता. वरून तपासणी आहे पुढच्या आठवड्यात. फक्त खुणा करायच्या."

"आधी हे सांगा. अकरा दिवस तीनच कसे?"

"तेच तर!" बाई खुलल्या. "तीनच्या वर गेलंच नाही. वेदनांवर इतकं चांगलं नियंत्रण आमच्याकडेसुद्धा रोज दिसत नाही."

"झोपलेल्या माणसाने तीन सांगितलं?"

बाईंचं हसू जरा ढिलं झालं. "मागचा आकडा पुढे लिहिला असेल कुणीतरी. तसं लिहायला नको होतं. पण सर, पेशंट जे सांगतो तेच आम्ही लिहितो. त्यांची काही तक्रार नाही."

"तक्रार नाही म्हणजे दुखणं नाही, असं कुठे लिहिलंय?"

"त्यांनी अकरा दिवसांत एकदाही घंटा वाजवलेली नाही. बघा, रजिस्टर आहे." बाईंनी खरंच रजिस्टर उघडून पुढे केलं. त्यात सात नंबरच्या खाटेसमोर जेवढ्या नोंदी होत्या, त्या सगळ्या काटेसाहेबांच्या भेटीच्या दिवशीच्या होत्या.

त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. राग बाईंवर होता, रजिस्टरवर होता आणि सगळ्यात जास्त स्वतःवर होता. घंटा वाजवल्यावर किती वेळात येतात हे त्यांनी सेकंदांत मोजलं होतं. ताई ती वाजवेल का, हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता.

"आकडा चार झाला तर काय करता?" त्यांनी विचारलं.

"चार किंवा वर गेला, की डॉक्टरांना फोन. इंजेक्शन. दोन फॉर्म भरायचे आणि पुढे तासभर दर पंधरा मिनिटांनी पेशंटपाशी जाऊन बघायचं, नोंद करायची."

"आणि दुपारी नर्स किती असतात?"

"एक," बाई म्हणाल्या. मग हळूच पुस्ती जोडली, "बारा खाटांना."

अभिप्रायाचा कागद तसाच टेबलावर सोडून काटेसाहेब परत आले. आता सगळं लख्ख दिसत होतं आणि त्यामुळे अंगाचा तिळपापड होत होता. ताईने छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिच्या पगारावर काटेसाहेब शिकले. दुपारची पाळी करून ती घरी यायची तेव्हा तिचे पाय इतके सुजलेले असत की चपलेचे पट्टे कातडीत रुतलेले दिसायचे. ते पट्टे सोडवायचं काम छोट्याचं.

"चार म्हटलं तर पोरीची धावपळ होते, म्हणून तू तीन सांगतेस," ते खाटेजवळ येऊन म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंच.

ताईने डोळे उघडले. चोरी पकडली गेल्यावर दुकानदार बघायचे, अगदी तशी ती क्षणभर बघत राहिली.

"एकटी आहे रे ती. चार नंबरच्या म्हातारीला भरवावं लागतं. नऊ नंबरचा उठून पळायला बघतो. मी अजून माझं ओझं घालू?"

"मग ठेवलंय कशाला तुला इथे? शोभेला? मी आत्ता गाडी बोलावतो. दुसरीकडे हलवतो तुला."

"काही हलवायचं नाही मला. जागा चांगली आहे ही."

"काय चांगलं आहे इथे?"

"तुला नाही कळायचं. पोरी बोलताना खाटेवर हात ठेवतात. अंग पुसताना कानामागे पुसतात, ते कुणी तपासत नाही तरी. आणि माझ्या अंगावरून एकमेकींशी बोलत नाहीत. मी बघितलंय ना सगळं पहिल्याच दिवशी. तू काय घंटा वाजवत बसलास." एवढं बोलून तिला दम लागला. दांडीवरची मूठ आणखी घट्ट झाली.

काटेसाहेबांनी कपाळ धरलं. विनवण्या झाल्या, रागावून झालं. हट्टाच्या बाबतीत ताईपुढे त्यांनी लहानपणीच हात टेकले होते. मोठ्याने ओरडावं असं वाटत होतं, पण शेजारच्या खाटेवरचा माणूस नुकताच झोपला होता. ते तसेच स्टुलावर बसून राहिले. समोर ताई खोटं बोलत होती आणि तिला खोटं पाडायला त्यांच्याकडे एकही वजन नव्हतं.

मग त्यांच्या मनात आलं, ताई स्वतःबद्दल खोटं बोलेल. पण पेशंटबद्दल?

त्यांनी फाईल तिच्या पोटाशी ठेवली. टेबलावरचा चष्मा पुसून तिच्या डोळ्यांवर चढवला.

"हे काय?"

"सिस्टर, राऊंडची वेळ झाली," काटेसाहेब म्हणाले. "सात नंबरची खाट. वय एकाहत्तर. पेशंट म्हणते तीन. तुम्ही बघा आणि सांगा, काय लिहायचं."

"चल, काहीतरी खुळ्यासारखं."

"राऊंड टाळताय, सिस्टर?"

ताईने नजर छताकडे वळवली. मग तिची नजर हळूहळू खाली आली आणि दांडीवरच्या हातावर थांबली. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा ती न्याहाळू लागली. पांढरी पडलेली बोटांची पेरं. घामाने ओला झालेला, गळ्याजवळचा कापडाचा काठ. उशीजवळ रुमाल होता, त्याच्या कोपऱ्याला दातांच्या खुणा होत्या. तिने तो रुमाल उलटून पाहिला.

मग मूठ सुटली. ताईने उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवली आणि सवयीने छातीवर गणवेशाला टाचलेलं घड्याळ शोधलं. ते तिथे नव्हतं. काटेसाहेबांनी आपला हात पुढे केला. त्यांच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता आणि ताई ओठ न हलवता मोजत होती. पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्या पोरींना ती रागवायची, हे त्यांना आठवलं.

"एकशे अठरा," ती म्हणाली.

"किती लिहू, सिस्टर?"

"आठ." तिच्या कपाळावर आठी पडली. वॉर्डात चूक सापडल्यावर पडायची तीच. "अकरा दिवस या बाईकडे कुणी नीट बघितलं नाही? ड्युटीवर होतं कोण?"

एवढं बोलली आणि मग तिला रडू फुटलं. आई गेली त्यानंतर काटेसाहेबांनी ताईला रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी घंटा दाबली आणि या वेळी घड्याळाकडे बघितलं नाही.

मघाचीच नर्स आली. दारातच तिला काहीतरी कळलं असावं, कारण तिने काकांना काही विचारलं नाही. ती सरळ खाटेशी आली आणि ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी?"

"आजी नव्हे. सिस्टर आहे ती," काटेसाहेब म्हणाले. "छत्तीस वर्षं नोकरी केलेली."

पोरगी गोंधळली. तिने ताईच्या मनगटावरची दोन बोटं पाहिली, पोटावरची उघडी फाईल पाहिली. "सिस्टर," ती हळू म्हणाली, "डॉक्टरांना काय सांगू?"

ताईने डोळे पुसले. "सांग, आकडा आठ. नाडी एकशे अठरा. दुखणं पाठीत डाव्या बाजूला, कूस बदलली की वाढतं. चालू गोळी पुरत नाही. आणि हे सांग, की पेशंटने माहिती लपवली. तुझी चूक नाही."

"पण मी विचारायला हवं होतं, सिस्टर. मी नुसतंच लिहीत गेले." पोरीचे डोळे भरले होते.

"रडणं नंतर. आधी फोन."

डॉक्टर वीस मिनिटांनी आले. ती वीस मिनिटं काटेसाहेबांना एकतीस वर्षांच्या नोकरीपेक्षा लांब वाटली. इंजेक्शन दिलं, गोळ्या बदलल्या. इनचार्जबाई येऊन दारात उभ्या राहिल्या. "पेशंटनेच खोटं सांगितलं तर आम्ही तरी—" असं म्हणून त्या मध्येच थांबल्या आणि वाक्य अर्धवट टाकून म्हणाल्या, "उद्यापासून दुपारच्या पाळीला आणखी एक मुलगी मागते. मिळेल की नाही, सांगता येत नाही." काटेसाहेबांना त्यांना धारेवर धरायचं होतं. शब्द तयारही होते. पण रोज संध्याकाळी तीन ऐकून खूश होणारा माणूस कोण होता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं.

ताईचा श्वास हळूहळू लांब झाला. दोन बोटं अजून स्वतःच्याच मनगटावर होती. काटेसाहेबांनी ती हलवली नाहीत.

नर्स पंधरा मिनिटांनी आली. मग आणखी पंधरा मिनिटांनी. पलीकडे चार नंबरची म्हातारी हाका मारत होती, तरी आली. तिसऱ्या खेपेला तिने फाईल उघडली, ताईच्या सैल पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पेन घेऊन थबकली.

"काका, आता तीन लिहू?"

"नको," काटेसाहेब म्हणाले. "आकडा नको. झोपली आहे, एवढंच लिहा."

तिने तेवढंच लिहिलं आणि खाली वेळ घातली.