पंचफुलाबाईंच्या घरचं कडू सरबत

पाहुणे अकराला येणार होते आणि पंचफुलाबाई सकाळी सातलाच दमून बसल्या होत्या. अंगण झाडून झालं, सतरंजी झटकून झाली, पोह्यांना कांदा चिरून झाला. साठीला टेकलेल्या बाईला दमायला एवढं पुरे होतं, पण खरं दमवणारं काम वेगळंच होतं. रविंद्रसाठी ही सहावी जागा. आधीच्या पाचांपैकी कुणी म्हणालं, पोरगा आठ-आठ महिने समुद्रावर, आमच्या पोरीनं काय भिंतीशी बोलायचं? कुणी घरी शेती नाही म्हणून नाक मुरडलं. या खेपेला मात्र पोराला पोरगी पसंत होती, पोरीला पोरगा पसंत होता. राहिलं होतं फक्त घर बघणं. तेवढं पार पडलं की गंगेत घोडं न्हालं.

पोरगी राणी, हिंगोलीच्या एका दवाखान्यात नर्स. तिचे वडील प्रेमदास, तहसीलमधून रिटायर झालेले, बोलायला मऊ आणि ऐकायला पक्के. जमवून देणारा कोंडीबा, पंचफुलाबाईंचा धाकटा भाऊ. त्यानं पहिल्याच भेटीत ठोकून दिलं होतं, "आमचा भाचा जहाजावर कुक है. हजार माणसाचं रांधतो!" राणीला हेच आवडलं होतं म्हणे. रात्रपाळी करून घरी आल्यावर कुणीतरी ताट वाढून द्यावं, एवढंच तिचं नवऱ्याकडून मागणं होतं.

आता खरी गोष्ट सांगतो. रविंद्र कुक नव्हता. त्याला साधं वरण लावता येत नव्हतं. जहाजावर तो बारमागं उभा राहून लोकांचे ग्लास भरत होता, सहा वर्षं झाली. आईला मात्र स्वैपाकघरात काम करतो असं सांगून ठेवलं होतं, आणि त्यालाही कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी वारंगा फाट्याजवळच्या या गावात बायांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं, आडव्या बाटलीवर शिक्के मारून. तेव्हा घरोघर हिंडणारी, दुकानदाराच्या शिव्या खाणारी, अंगणवाडीतून सुटली की दारोदार जाऊन "माय, शिक्का आडव्या बाटलीवर" म्हणून सांगणारी बाई म्हणजे ही पंचफुलाबाई. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, दारूला न शिवण्याच्या शीलाला, तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. अशा आईला पोरगं काय सांगणार?

आणि मौज अशी की आईला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत त्याचा पांढरा शर्ट धुताना खिशातून पितळी बिल्ला निघाला. अंगणवाडीत लेकरांना ए बी सी डी शिकवणाऱ्या बाईनं अक्षरं जुळवत जुळवत वाचलं. वर रविंद्रचं नाव, खाली बारटेंडर. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पण त्याच्या पुढच्याच आठवड्यात नांदेडला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि पैसे भरले होते रविंद्रनं. विचारलं असतं तर ते पैसे नको म्हणावं लागलं असतं. बाईंनी बिल्ला पुसला, वाळलेल्या शर्टाच्या खिशात परत ठेवला आणि ऑपरेशनला गेल्या. तेव्हापासून पोरगं खोटं बोलत होतं आणि आई ते खरं मानल्यासारखं ऐकत होती. कोंडीबानं कुक म्हणून ठोकलं तेव्हाही गप्पच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कोंडीबा पाहुण्यांना घेऊन आला. जय भीम झाला, पाणी झालं. राणी सरळ ड्युटीवरून आली होती, डोळ्यांखाली काळं, जांभई ओढणीत लपवत होती. घर बघून झालं. प्रेमदासांनी खोल्या मोजल्या नाहीत की भिंतींवर हात फिरवला नाही, हे पंचफुलाबाईंना फार आवडलं.

बाई पोह्यांसाठी उठल्या तसे प्रेमदास हसत म्हणाले, "ताई, तुमी बसा. पोरीनं पोहे करून दाखवायचे दिवस गेले. आज पोरानं दाखवावं. जहाजावरचं काहीतरी होऊन जाऊ द्या."

"आरं वा!" कोंडीबानं मांडीवर थाप मारली. "ऊठ रे भाचा!"

रविंद्र उठला. कोरा पेपर हातात आलेल्या पोरासारखा तो गॅससमोर जाऊन उभा राहिला. मागोमाग पंचफुलाबाई आत आल्या.

"काय करतोस?" त्यांनी हळूच विचारलं.

"बघतो."

काय बघणार होता, कप्पाळ! बाईंना वाटलं, आपणच पटकन उपमा टाकावा आणि त्याच्या नावावर खपवावा. पण दारातून सगळं दिसत होतं. रविंद्रची नजर फळीवर फिरली. पिशवीत संत्री होती, पाहुण्यांना बांधून द्यायला आणलेली. शेजारी रात्री भिजत घातलेल्या काड्यांचा ग्लास.

"हे काय है, माय?"

"काडेचिराईत. शुगरसाठी घेते रोज."

त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. कडू जहर ते, माणूस तोंड वाकडं करतो. रविंद्रचं तोंड मात्र सरळ झालं. इतका वेळ पडलेला चेहरा उजळला. "बर्फ आन् सोडा लागंल," तो म्हणाला. "फाट्यावर जाऊन येतो." आणि गाडीला किक मारून गेलासुद्धा.

तो येईपर्यंतची वीस मिनिटं पंचफुलाबाईंना वीस वर्षांसारखी गेली. प्रेमदास बाटलीच्या मतदानाचंच घेऊन बसले. "तुमचं बघून आमच्याकडच्या बायांनीबी अर्ज केला होता, ताई. अशा घरात पोरगी द्यायची म्हणल्यावर दुसरं काही बघायची गरजच न्हाई." बाई हो-हो म्हणत होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

रविंद्र बर्फाची पिशवी आणि सोड्याच्या चार बाटल्या घेऊन आला आणि कामाला लागला. संत्र्याची साल त्यानं सुरीनं इतकी पातळ काढली की खालचं पांढरं जरासुद्धा आलं नाही. ती साल, साखर, चिराईताचं पाणी आणि रंगाला बिटाची एक चकती, असं पातेल्यात उकळायला ठेवलं. पाक लालसर झाल्यावर गाळला आणि पातेलं बर्फात बसवून गार केला. शोकेसमधले काचेचे ग्लास काढून पुसले, एकेक उजेडात धरून बघितला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी फडकं आपोआप खांद्यावर गेलं होतं.

राणी दाराशी येऊन उभी राहिली. "स्वैपाक न्हाई का?"

"जेवणाच्या आधीचं है हे," तो मान वर न करता म्हणाला.

ग्लास काठोकाठ बर्फानं भरले. तीन बोटं पाक, वर संत्र्याचा रस, मग सोडा, चमच्याच्या पाठीवरून, धार न तुटता. एकदाच ढवळलं. शेवटी सालीचा तुकडा ग्लासावर धरून असा पिळला की बारीक तुषार उडाला आणि घरभर संत्र्याचा वास सुटला. पाच ग्लास, पाचही सारखे.

पंचफुलाबाई बघत होत्या. बिल्ला वाचणं वेगळं आणि हे बघणं वेगळं. पोराचे हात कुठं अडखळत नव्हते, कुठं घाई नव्हती. एवढं सुंदर काम करताना त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. शाळेत ढ, शेतमजुरीत कच्चा असं ते पोरगं. बाईंना अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून स्वतःचाच राग आला.

"आरं, हे तर औषध है!" पहिल्या घोटाला कोंडीबा ओरडला. दुसरा घोट मात्र त्यानं मुकाट्यानं घेतला, आणि तिसरा.

"आधी गोड, मग कडू," प्रेमदास जीभ टाळ्याला लावत म्हणाले. "आन् कडू झालं की परत प्यावंसं वाटतंय."

राणी म्हणाली, "रातभर जागून तोंडाला चवच न्हवती. आता भूक लागली."

रविंद्र हसला. कितीतरी दिवसांनी. "त्याच्यासाठीच असतं ते. इटलीत जेवणाआधी घेतात, भूक लागावी म्हणून. स्प्रिट्झ म्हणतात."

"मंग तिकडंबी चिराईतच टाकतात का?" प्रेमदासांनी विचारलं. सहज विचारलं, वाकडं मनात काही नव्हतं.

रविंद्रचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यानं आईकडं एकदा बघितलं. "तिकडं ना... दुसऱ्या मुळ्या असतात. झाडपाल्याचा अर्क. असंच काहीतरी..."

हा चेहरा पंचफुलाबाईंच्या ओळखीचा होता. प्रत्येक सुट्टीत "काय काय रांधलंस रे तिकडं?" विचारलं की हाच चेहरा व्हायचा. डोळे जमिनीला, आवाज अर्ध्यावर. आता हेच खोटं तो बायकोलाही सांगणार, सासऱ्यालाही, उद्या लेकरांनाही. आणि आपण प्रत्येक वेळी शेजारी बसून मान डोलवायची. बाईंना एकदम फार थकवा आला. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"दारू असती त्याच्यात," त्या म्हणाल्या. "पोरगं जहाजावर दारू ओतून राहिलंय, दादा. कुक न्हाई तो. वरणबी येत न्हाई त्याला. मला दोन सालापासून ठाव है."

"आक्का!" कोंडीबा अर्धा उठला.

"बस खाली. या ग्लासात काही न्हाई, संत्री आन् माझं औषध है, मी समोर उभी होते. पण तिकडं असती."

 प्रेमदासांनी ग्लासाकडं पाहिलं, रविंद्रकडं पाहिलं, मग बराच वेळ पंचफुलाबाईंकडं पाहिलं. "ताई, तुमी बोललात ते बराबर केलंत," ते म्हणाले. आवाज तसाच मऊ होता. "घरी इचार करतो. कळवतो."

कळवतो म्हणजे काय, ते पाच वेळा ऐकलेल्या बाईला कुणी समजावून सांगायला नको होतं. सगळे उठले. राणी मात्र आधी बसून राहिली, ग्लास तळापर्यंत संपवला, मग उठली. जाताना तिनं रविंद्रकडं पाहिलं, पण काय मनात होतं ते तिचं तिला ठाऊक.

कोंडीबाही त्यांच्याच गाडीत बसला. "हात दाखवून अवलक्षण केलंस, आक्का," एवढं बोलून त्यानं दार आपटलं.

रविंद्र उंबऱ्याशी उभा होता.

"तुला ठाव होतं."

"व्हय."

"मंग दर बारीला विचारायचीस काहून? काय रांधलं, कसं रांधलं?"

"वाटायचं, एकदा तरी खरं सांगशील."

"माय, सुट्टीला येताना मी विमानात बसून पदार्थांची नावं पाठ करायचो," त्याचा आवाज फाटला. "स्वैपाकघरातल्या पोरांकडून लिहून आणायचो. कशात काय पडतं, किती वेळ शिजतं. तुला सांगायला. तू एखादं उलटं विचारशील म्हणून झोप न्हवती येत."

हे मात्र बाईंना माहीत नव्हतं. पोरगं थापा मारतं हे ठाऊक होतं, थापांसाठी एवढी तकलीफ घेतं हे नव्हतं. 

"मला पटलं न्हाई हे काम," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत पटायचं न्हाई. पण तुझं चौथं शील, खोटं न बोलायचं, मीच मोडायला लावलं. तुझ्या खिशात बिल्ला सापडला तव्हाच विचारलं असतं तर ऑपरेशन नको म्हणावं लागलं असतं. मला चालायचं होतं रे. म्हणून गप बसले. खोटं बोलणं पाप, मग खोटं आहे ठाव असून ऐकत बसणं काय पुण्य है?"

रविंद्र खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी घालत राहिला.

"लग्न मोडलं तुझं."

"मोडू दे."

बाहेरून फाट्यावरच्या ट्रकांचा आवाज येत होता. ग्लासांतला बर्फ विरघळून सरबत फिकं झालं होतं. पंचफुलाबाईंनी मान वर करून पोराकडं नीट पाहिलं. तीस वर्षांचं पोरगं, पण पन्नाशीतल्या माणसासारखं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभं होतं.

"किती तास काम असतं तिकडं?" त्यांनी विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"बारा. गर्दी असली तर चौदा."

"बसायला मिळतं का?"

"बारमागं खुर्ची नसती, माय."

"मंग आता काहून उभा है?" बाई म्हणाल्या आणि सतरंजीवर बाजूला सरकल्या. "इथं कुणी गिऱ्हाईक न्हाई. बस."

रविंद्र बसला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला.