जयसिंगदादाची दसऱ्याची बीएसए

आमच्या घरमालकीण आक्का, त्यांचा मुलगा जयसिंग दीड वर्ष अंगणात मोटरसायकल बांधत होता. बांधतोय असं तो म्हणायचा. मी त्याला दीड वर्षात एकदाही खाली बसून काम करताना पाहिलं नाही, कारण खाली बसलं की पँटची इस्त्री मोडते.

गाडी होती मिलिटरीच्या लिलावातली, लढाईच्या काळातली बीएसए. आली तेव्हा हिरवी, खरवडलेली, गरीब होती, पण गाडीसारखी दिसत होती. मग जयसिंगच्या डोक्यात डिझाइन शिरलं. पुढचा मडगार्ड काढून टाकला, मागचा निम्मा कापला. हँडल केलं नळाच्या पाइपचं, म्हशीच्या शिंगांएवढं रुंद. सीटला मागं उंच पाठ लावली, न्हाव्याच्या खुर्चीसारखी. टाकीवर वाघ पाहिजे म्हणून थेटरचे बोर्ड रंगवणाऱ्याला बोलावलं. त्या माणसानं आयुष्यभर हिरोच रंगवलेले, त्यामुळं वाघाला भांग आला आणि बारीक मिशी आली. जयसिंगला तो फार आवडला. त्याला गाडी कमी आणि गाडीवर बसलेला जयसिंग जास्त बांधायचा होता.

मदतीला होता हंबीरराव, तालमीतला. नट दिसला की तो मोडेपर्यंत आवळायचा आणि मोडला की म्हणायचा, "माल हलका हाय." ही दोघांची फॅक्टरी.

काम जे काही झालं ते माझ्या अब्बांनी केलं. नबीलाल मिस्त्री म्हटलं की उद्यमनगरात कुणीही घर दाखवेल. आक्कांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो आणि आक्कांचे भाऊ भाऊसो यांच्या वर्कशॉपमध्ये अब्बा मॅग्नेटो दुरुस्त करायचे. या जुन्या इंजिनांत बॅटरीवर काही चालत नाही, ठिणगी पाडतो तो मॅग्नेटो. त्याच्या टोकाला डाळीएवढे दोन पॉइंट असतात, ते मिटतात, उघडतात, आणि उघडताना ठिणगी पडते. उघडायचे किती, तर पोस्टकार्डाच्या जाडीएवढे. जास्त झालं तरी बोंब, कमी झालं तरी बोंब.

आता एक गोष्ट सांगते. अब्बांना मोतीबिंदू झाला होता. वर्षभर त्यांना ती फट दिसत नव्हती. ते मॅग्नेटो रुमालात बांधून घरी आणायचे. मापाची पातळ पाती सरकवून फट मोजायचं काम मी करायची, आणि सकाळी रुमाल परत वर्कशॉपमध्ये. हे तेव्हा घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या महिन्यात एकेक फट मी तीनतीनदा मोजायची. नंतर मी भूगोल पाठ करता करता फट लावायला लागले. नववीतल्या आमच्या वर्गात पोरी रुमालावर फुलं भरायच्या आणि मला म्हणायच्या, तुझी नखं बघ. मी म्हणायची, तुमची फुलं बघा.

जयसिंगचा मॅग्नेटोही असाच झाला. आतली तार अब्बांनी गुंडाळली, फट मी लावली. दसऱ्याच्या आठ दिवस आधी गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली आणि वाघ थरथरला. मग अब्बा आणि अम्मी डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेला गेले. मी शाळेसाठी मागं राहिले आणि जेवायला आक्कांकडे. तिकडून एक पोस्टकार्ड आलं, दवाखान्यातल्या कुणीतरी लिहून दिलेलं. ऑपरेशन बरं झालं, पट्टी बांधली आहे, मदिनाला अभ्यास कर म्हणावं. ते मी विज्ञानाच्या वहीत ठेवलं.

दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात गाडीवरून जायचं, मागच्या सीटवर भाऊसोमामांना बसवायचं, हा जयसिंगचा बेत. वर्कशॉपचा मालक मागं बसला म्हणजे गाडीला वजन येतं म्हणे.

खंडेनवमीला आक्कांनी गाडीची पूजा केली. जयसिंग बाजूला उभा राहून बोट दाखवत होता. "आई, ह्याला लाव. ह्यालाबी लाव. सगळ्या पार्टांना लाव." घासून घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर कुंकू टिकेना, तर बिचाऱ्या आक्कांनी दिव्याच्या तेलात बोट बुडवून बुडवून लावलं. शंभर बोटं तरी लावली असतील. मी तेव्हा शाळेच्या पाटीपूजनाला गेले होते. असते तर तिथंच ओरडले असते.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहाला भाऊसो जेवायला म्हणून आले. पांढरं धोतर, पायात नवी कापशी चप्पल, हातात छत्री, पाऊस नसला तरी. कट्ट्यावर बसले. जयसिंगनं केसाला पाणी लावलं आणि किक मारली.

काही नाही.

परत मारली. मग हंबीररावानं मारली. त्यानं पंधरा मारल्या, गाडी स्टँडवरून दोनदा उतरली, पण इंजिन खोकलंसुद्धा नाही. जयसिंगनं कार्ब्युरेटर खोलला, त्यात फुंकलं, परत लावला. एक वॉशर उरला, तो खिशात टाकला. प्लग काढून पँटीला पुसला. त्या इस्त्रीच्या पँटीला. मला तेवढ्यानंच दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

मग तो भाऊसोंकडे वळला. "मामा, मॅग्नेटो गेलाय. नबीलालचं काम हाय. डोळ्यानं दिसत न्हाय तर हात तरी कशाला लावायचा म्हणतो मी."

"आठ दिसांमागं चालली म्हणालास की," भाऊसो म्हणाले.

"चालली. तेवढ्यापुरती. अंधारात लावल्यागत कायतर लावलं आसंल."

भाऊसोंनी छत्री दोन्ही हातांत धरली. "मीबी बघतोय वरीसभर. माणूस चाचपडत चालतंय. वाईट वाटतंय, पर गिऱ्हाइकाला काय सांगायचं? मिरजेस्नं आला की सांगतो त्याला, घरीच बस आता. टेबलावर दुसरा बसवतो."

मी आक्कांच्या स्वयंपाकघराच्या दारात पुरणाचं ताट घेऊन उभी होते. अब्बा डोळ्यावर पट्टी बांधून मिरजेला पडलेले, आणि इथं वाघाच्या भांगाकडे बघत हा पोरगा त्यांचं टेबल काढून घेत होता. मी ताट खाली ठेवलं आणि अंगणात गेले.

"जयसिंगदादा, जरा सरका." तोंडावर मी दादाच म्हणायची. मनात नुसता जयसिंग.

"तू काय करतीस?"

"बघतो की."

"पुस्तक वाच जा. हितं बायकांचं काम न्हाई."

"काम दिसंना म्हणून तर आलो," मी म्हणाले. भाऊसो कट्ट्यावर खोकले.

मॅग्नेटोपाशी वाकले आणि एका नजरेत कळलं. पॉइंटांवर पितळेचं झाकण असतं. ते झाकण जागेवर नव्हतं. जयसिंगनं आतलं चकचकीत पितळ दिसावं म्हणून काढून ठेवलेलं, आणि ते कुठं होतं, तर कट्ट्यावर, त्यात सिगारेटची राख. आणि उघड्या पॉइंटांवर, अगदी मधोमध, तेलातल्या कुंकवाचं आक्कांचं बोट. किक मारून मारून ते फटीत छान वाटलं गेलेलं. ठिणगी पडणार कुठून?

मी घरात जाऊन विज्ञानाच्या वहीतलं पोस्टकार्ड आणलं. कडेला पेट्रोल लावलं आणि पॉइंटांच्या मधून ओढलं, तीनदा, चारदा. कार्डावर लाल रेघा उमटल्या. पाचव्यांदा कोरं आलं.

"मारा किक," मी हंबीररावला म्हणाले.

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. वाघ थरथरला, कोंबड्या पळाल्या, आक्का हात पुसत बाहेर आल्या.

आता कुणीही माणूस असता तर म्हणाला असता, बरं झालं. जयसिंगनं छाती पुढं काढली. "बघितलासा, मामा? मी कार्ब्युरेटर साफ केला, त्याला जरा टाइम लागतोय. जेट वाळावं लागतंय."

"माझी किकबी बसली ह्या बारीला," हंबीरराव म्हणाला.

"आणि मॅग्नेटो?" भाऊसोंनी विचारलं.

"हाय तसलाच, मामा. आज चालतोय, उद्या बसंल. नबीलालचं काम."

मी हँडलावरचा छोटा लिव्हर दाबून इंजिन बंद केलं. इंजिन बंद तर पेट्रोलचा नळ बंद, हे अब्बांनी लहानपणापासून हाताला लावलेलं वळण, म्हणून नळही फिरवला. मग देवळीत कालचं पूजेचं ताट होतं ते आणलं. तेलात बोट बुडवलं, कुंकवात बुडवलं, आणि सगळ्यांच्या देखत पॉइंटांवर टेकवलं, जिथं काल लावलेलं तिथंच. मग नळ उघडला.

"मारा आता. जेट वाळलेलंच हाय."

हंबीररावनं मारल्या. जयसिंगनं मारल्या. परत हंबीररावनं. इंजिन खोकलंसुद्धा नाही. आक्का जवळ आल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. "व्हय गं मदिना, माझ्या कुंकवानं झालं व्हय हे?"

मला त्यांच्या हातचं जेवण आठ दिवस मिळत होतं. मी म्हणाले, "न्हाई आक्का. तुमची पूजा बरोबर हाय. वर्कशॉपातबी खंडेनवमीला सगळ्या मशिनींना कुंकू लागतंय, हार पडतोय. पर अब्बा आधी एकेक मॅग्नेटो झाकून घेतात. पूजा ढक्कनकू भी पोचती, म्हणतात. तुम्ही दावलं तिथं लावलंसा. ढक्कन कुणी काढलं तेवढं इचारा."

आक्कांनी इचारलं नाही. त्यांनी कट्ट्यावरची राख बघितली, मग मुलाकडे बघितलं. ते बघणं मी जन्मभर विसरणार नाही. इतकं छान.

जयसिंगनं रुमालानं पॉइंट पुसायला घेतले. रुमाल फटीत जातोय कुठला. आईच्या पदराचं टोक मागितलं, वर्तमानपत्र आणलं, ते ओलं होऊन आत फाटलं. भाऊसो सगळं बघत होते. चाळीस वर्षं इंजिनात घालवलेला माणूस, त्यांना उपाय ठाऊक नव्हता असं थोडंच आहे. पण ते छत्रीवर हनुवटी टेकून बसले आणि म्हणाले, "बांध की गाडी. दीड वरीस बांधतोयस."

मी पोस्टकार्ड हातात धरून तुळशीपाशी उभी राहिले. ऊन डोक्यावर आलं.

"मदिना, दे ते कार्ड," जयसिंग म्हणाला.

"देतो. आधी सांगा, मॅग्नेटोत खोट हाय का न्हाई."

तो वाघाकडे बघून कायतरी पुटपुटला.

"वाघाला ऐकू गेलं. मामांना न्हाई गेलं."

"खोट न्हाई," तो म्हणाला.

"कुणाच्या कामात?"

"नबीलालचाचांच्या कामात खोट न्हाई." मान खाली, कान लाल. दीड वर्षात पहिल्यांदा त्यानं अब्बांना चाचा म्हटलं. एरवी नुसता नबीलाल, जसा काही हा त्यांच्याबरोबर गोट्या खेळलाय.

मी पॉइंट साफ केले. झाकणातली राख झटकली, झाकण धुतलं, पुसलं, बसवलं. पहिल्या किकला सुरू. मी बंद केली, नळ बंद केला, हात धुवायला निघाले.

"पोरी," भाऊसोंनी हाक मारली. "ह्यो गॅप कुणी लावलाय?"

मी थांबले. उत्तर माझ्या जिभेवर उभं होतं. मी लावला. हा लावला आणि वर्षभरात तुमच्या टेबलावरून गेलेले सगळे मीच लावले, एकही परत आला नाही. सगळ्या उद्यमनगरानं ऐकावं असं उत्तर. जयसिंग समोर होता, हंबीरराव होता, आक्का होत्या. एवढी चांगली वेळ मला परत कधी मिळणार होती?

पण मग ते टेबल अब्बांचं राहत नव्हतं.

"अब्बांनी," मी म्हणाले.

भाऊसोंनी माझ्या बोटांकडे बघितलं, नखांतल्या काळ्याकडे. "पट्टी निघाली की ये म्हणावं त्याला," ते म्हणाले. "टेबल हाय तिथंच हाय. घाई करू नको म्हणावं. तवर घरला काम आलं तर मी रुमालात बांधून धाडतो." आणि ते जेवायला आत गेले.

संध्याकाळी जयसिंगनं फेटा बांधला. भाऊसो मागं बसायला तयार झाले नाहीत, मी चालतच बरा म्हणाले, म्हणून त्या न्हाव्याच्या खुर्चीवर हंबीरराव बसला. गल्ली बघत होती. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. बंद नळाखालच्या नळीत जेवढं पेट्रोल साठून होतं तेवढ्यावर कोपऱ्यापर्यंत छान गेली आणि तिथं, बोळकर डॉक्टरांच्या ओट्यासमोर, जिथं सगळ्यात जास्त माणसं होती, बंद पडली.

हंबीरराव धावत आला. "मदिना, बंद पडली. मॅग्नेटो का?"

"मॅग्नेटोत खोट न्हाई," मी म्हणाले. "सकाळीच ठरलं की."

पेट्रोलचा नळ कुठं असतो ते दीड वर्ष गाडी बांधणाऱ्याला माहीत असणारच. मी पोस्टकार्डावरच्या लाल रेघा सुकल्यात का बघितलं आणि ते परत विज्ञानाच्या वहीत ठेवलं. पट्टी निघाली की अब्बांना पहिलं तेच दाखवायचं होतं.