पाणी न मारलेला घास

कुंडलिकने तांब्या उचलला आणि खळ्यात पसरलेल्या लसूणघासावर सवयीने पाणी शिंपडायला हात पुढे केला, तसं हौसाने त्याचं मनगट धरलं.

"पानी नका मारू. एकदा मारलं, तर गाय गेली."

तांब्या खाली आला. नवराबायकोने खर्डी स्टेशनाबाहेर उभा जन्म भाजी विकली होती. हिरवं दिसलं की हात आपसूक पाण्याकडे जायचा. गेल्या साली उन्हाळ्यासाठी हिरवा चारा हवाबंद मुरवून मुरघास करायचा म्हणून हौसाने पहाटेच्या दवातच घास कापला, ताजा राहावा म्हणून वर पाणी मारलं आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला. चैत्रात तोंड सोडलं तर आत नुसता काळा चिखल, आणि वास असा की शेजारची बाईजा नाकाला पदर लावून घरात पळाली. दुसरा हिरवा चारा नव्हता. त्यांची गाय कपिली दुधाला आटली, आणि कुंडलिकने तिला विकून मुरबाडच्या गुरांच्या दलालाच्या टेम्पोत चढवलं. आता कपिलीची कालवड, पवळी, पहिल्यांदा व्याली होती. हाही मुरघास नासला तर पवळीही जाईल, असं कुंडलिकने आधीच बजावून ठेवलं होतं.

हौसाही इरेला पेटली होती. या वेळी दव पार उडाल्यावरच तिने विळा घातला होता. खळ्यात पातळ पसरलेला घास दुपार कलेपर्यंत कोमेजू दिला. मग मूठभर घेऊन पिळून बघितला. पाणी सुटलं नाही, तळवा जरा ओलसर झाला, मूठ सोडल्यावर गोळा सावकाश उलगडला. जमलं होतं. तिने तो कोयत्याने बारीक कापला, त्यात गूळ कालवला. घरात चहाला गूळ नाही आणि इथे गाईचे लाड चाललेत, असं कुंडलिक पुटपुटला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थरावर थर देत, पायांनी तुडवत पिशवी भरली, तोंड आवळलं आणि वर जात्याची तळी, खालचा जड दगड, ठेवली. कुंडलिकला काही दम निघेना. जाता येता जरा उघडून बघू म्हणायचा. अंडं फोडून पिल्लू बघाल का, असं विचारून तिने त्याला गप्प केलं.

चैत्रात, कुंडलिकने पवळीसाठी दलालाला बोलावलं होतं त्याच सकाळी, तिने तळी सरकवून तोंड सोडलं. वास आंबूस, गोडसर. रंग शिजलेल्या पालेभाजीसारखा. तिने पाटी पुढे ठेवली. पवळीने हुंगलं आणि मान फिरवली.

पण हौसा हटली नाही. तिने त्यात मूठभर पेंढा मिसळला आणि पाटी पुन्हा पुढे सरकवली.

"खा गो बाय."

पवळीने जीभ फिरवून बघितली, आणि मग पाटीतून तोंड वर काढलंच नाही.

दलाल आला तेव्हा कुंडलिक ओटीवरून उठलासुद्धा नाही. "गाय द्यायची नाय," एवढंच म्हणाला.

दलाल वळला, तसं हौसाने विचारलं, "दादा, गेल्या साली नेलीत ती आमची कपिली आता कुठं हाय?"

त्याने आठवून बघितलं. एवढी गुरं हाताखालून जातात, कुठली कुठे गेली ते लक्षात राहत नाही, म्हणाला आणि टेम्पोकडे गेला.

पिशवीचं तोंड अजून उघडंच होतं. गुडघा टेकवून हौसाने आतली हवा काढली आणि तोंड करकचून आवळलं. तळी उचलायला कुंडलिक न सांगताच पुढे आला.