मागच्या चाकांवरची रेघ

माझी मुलगी प्रियदर्शनी हिंगोलीत विज्ञान शिकवते आणि सुटीच्या दिवशी माळरानांवर, तलावांच्या काठी पक्ष्यांच्या नोंदी घेत हिंडते. गेल्या वर्षी सेनगावकडच्या एका शेतरस्त्यावर तिची जुनी मोटार ओल्या काळ्या मातीत घसरली आणि नाल्याच्या काठावर तिरकी होऊन अडकली. आत दोन मैत्रिणी होत्या. कोणाला इजा झाली नाही, परंतु तिने ठरवले की पुढची गाडी विजेवर चालणारी, उंच आणि चारही चाकांना जोर असलेलीच घ्यायची.

"बाबा, तुम्ही हो म्हणाल तीच घेईन," ती म्हणाली.

मी तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक. तेहतीस वर्षे बसगाड्यांच्या कार्यशाळेत काढली आहेत. मी अकरा प्रश्नांचा तक्ता तयार केला. पहिला प्रश्न होता, मोटारी किती? अशा गाडीत पुढच्या आसाला एक आणि मागच्या आसाला एक मोटार असेल तर चारही चाके ओढतात. एकच असेल तर दोन चाके ओढतात आणि उरलेली दोन नुसती सोबत येतात.

प्रियदर्शनीचे पती, माझे जावई योगेशराव यांच्या ओळखीच्या विक्री-दालनात आम्ही तिघे गेलो. त्याचे नाव लिहून मला त्याची जाहिरात करायची नाही. आत सुगंधी फवाऱ्याचा असा दर्प होता की घशात चव उतरावी. तक्ता पिशवीतून काढण्याआधीच ध्वनिक्षेपकावर माझे नाव पुकारले गेले. "हिंगोलीचे ज्येष्ठ अभियंते आज आपल्यात आहेत!" खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, तोंडात पेढा कोंबला गेला. छायाचित्रे निघाली.

"योगेशसरांनी सगळं सांगितलंय, सर," विक्री-प्रतिनिधी म्हणाला. "तुमच्यासारख्यांनी हात ठेवला की गाडी पास!"

तोंडातला पेढा गिळून मी कसेबसे विचारले, "चारही चाकांना जोर आहे ना?"

"सर, तुम्हाला आम्ही काय शिकवणार? सगळं आहे!"

हे उत्तर नव्हते, हे मला त्याच क्षणी कळले होते. तरीही मी म्हणालो, "गाडी उत्तम दिसते." टाळ्या पडल्या. योगेशरावांनी तिथेच नोंदणी केली. दसऱ्याचा मुहूर्त हातचा जायला नको, असे त्यांचे म्हणणे होते.

घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. चाचणी आमच्या वाटेवर द्या, असा हट्ट मी धरला. चार दिवसांनी तो प्रतिनिधी तशीच गाडी घेऊन आला. आम्ही ती सेनगावजवळच्या तांड्यावर, जगनच्या शेताकडे नेली. जगन हा तांड्यावरचा शेतकरी. पक्ष्यांच्या नोंदींसाठी प्रियदर्शनी नेहमी त्याच्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसते. त्याने हळदीला पाणी दिले होते आणि ते वाटेवर पसरून चिखल झाला होता.

मी मागच्या दोन्ही चाकांवर चुन्याची उभी रेघ ओढली.

"मामा, ही काय पूजा?" योगेशराव हसले.

"चाक फिरले तर रेघ फिरेल, योगेशराव. पाहा."

गाडी चिखलात शिरली आणि थांबली. पुढची चाके गरगर फिरू लागली. काळ्या मातीचे लपके उडाले आणि दालनातून बोनेटवर घालून पाठवलेला झेंडूचा हार त्यात बुडाला. मागची रेघ गाडी थांबली तेव्हा जिथे होती तिथेच राहिली.

"साहेब," जगन म्हणाला, "पुढची जोडी घाम गाळून राहिली अन् मागची रवंथ करून राहिली!"

प्रतिनिधी खाली उतरला आणि बूट पाहू लागला. "सर, दोन मोटारींचं मॉडेल वरचं असतं. हे खालचं आहे. दिसायला सेम."

"आणि आम्ही नोंदवलेले?"

"हेच, सर. पण छत उघडतं."

"छत मस्त आहे, मामा," योगेशराव घाईने म्हणाले. "उभं राहून व्हिडिओ काढता येतो. अन् चिखलात रोज कोण जाते?"

"मी जाते," प्रियदर्शनी म्हणाली.

प्रतिनिधीने भ्रमणध्वनी माझ्यासमोर धरला. "सर, तुमच्या फोटोवर तीन बुकिंग आली. दोन वाक्यं बोला ना, गाडी चिखलातही..." पडद्यावर मी होतो, पेढ्याने गाल फुगलेला. खाली लिहिले होते, 'ज्येष्ठ अभियंत्यांची पसंती.' त्या फुगलेल्या गालाची मला इतकी शिसारी आली की मी बाजूला जाऊन थुंकलो. प्रतिनिधीची किळस त्यानंतर आली, आणि ती पुष्कळ कमी होती.

"त्या तिघांचे क्रमांक द्या," मी म्हणालो. "गाडीला एकच मोटार आहे आणि मी न तपासता बोललो, हे मीच त्यांना सांगतो. ते छायाचित्र आत्ता हटवा. आमची नोंदणीही रद्द."

"मामा, चारचौघांत माझी काही इज्जत?" योगेशराव पुटपुटले आणि गाडीपासून दूर गेले.

जगन ट्रॅक्टर आणायला निघाला. प्रियदर्शनी माझ्याजवळ आली.

"बाबा, मोटारी किती हे त्या दिवशीच विचारलं काहून न्हाई?"

खोटे कारण सापडण्यासारखे होते. "सत्कार झाल्यावर विचारणे बरे दिसले नसते," मी खरे तेच सांगितले.

"नाल्याच्या काठावर त्या गाडीत आम्ही तिघी होतो, बाबा.



पुढची गाडी बघायला मी एकटी जाईन. तुमी येऊ नका."

तिने चपला काढल्या, सलवार वर घेतली आणि चिखलात उतरली. ट्रॅक्टर घेऊन आलेल्या जगनला तिने विचारले, "भाऊ, भर पावसात इथं पाणी कुठवर येते?" जगनने गुडघ्याच्या वर हात लावून दाखवला. तिने वहीत आकडा लिहिला आणि पुढचा प्रश्न विचारला. माझ्याकडे तिने पाहिले नाही.