दुसरी किल्ली

“दारू? माह्या लच्छूनं?”

गिरजाबाईनं हातातली लोखंडी किल्ली फलकावर हाणली. पत्रा चेपला. दुसरा घाव इंजिनीयर प्रफुलच्या कपाळावर बसला आणि तो मटकन खाली बसला. रक्त भुवईवरून शर्टावर उतरलं.

नागभीडपलीकडची, नहराच्या पाण्यावर चालणारी ती कापडगिरणी बंद पडून छत्तीस वर्षं झाली होती. आता तिथं संग्रहालय होणार होतं. फलकावर इतिहास रंगवला होता: वरोऱ्याहून येणारा कापूस, दोन पुरुष उंचीचं चाक, जाडंभरडं पण वर्षानुवर्षं न फाटणारं कापड. आणि शेवटची ओळ, प्रफुलनं नुकतीच मोठ्यानं वाचून दाखवलेली, ‘१९८८ : मद्यधुंद कामगाराचा चाकात मृत्यू. गिरणी बंद.’

“धरा तिले! पागल आहे थे बुढी!” मजुरांनी तिचे दंड आवळले. सत्तरीची बाई, पण किल्ली काही सोडेना. लाथा झाडत होती, एकाच्या मनगटाला कडकडून चावली.

गुलाब मांडवकर समोरच खुर्चीत होता. गिरणीचा जुना लोहार. तिथल्या कारागिरांतला तेवढा एकच उरलेला, म्हणून प्रफुलनं त्याला माहिती द्यायला बोलावलं होतं. म्हातारा सकाळपासून नुसता मिरवत होता. आता त्याच्या हातातला चहा धोतरावर सांडत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

किल्ली म्हणजे नहराचं पाणी अडवणाऱ्या गेटचं हातभर लांब हँडल. ते फिरवल्याशिवाय पाणी चाकावर यायचं नाही. गिरणीत एक रीत होती. साफसफाईला जो चाकात उतरेल, त्यानं किल्ली कमरेला बांधून न्यायची. मग वर कोणाला काहीही दुर्बुद्धी सुचो, गेट उघडणार नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या संपात लच्छू रामटेके, गिरजाबाईचा नवरा, किल्ली बांधून चाकातच जाऊन बसला. “चालवा आता गिरणी! दम असन तं चालवा!” दोन दिवस गडी आतून गाणी म्हणत होता. गिरजाबाई वरून दोरीनं भाताचा डबा सोडायची.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी गेट उघडलं. लच्छूची किंकाळी सगळ्या खात्यांत ऐकू गेली, मग नुसता चाकाचा आवाज. गिरजाबाईनं नवऱ्याला पोत्यात गोळा केलं. किल्ली कमरेला तशीच होती. मॅनेजर म्हणाला, यानंच पिऊन गेट अर्धवट लावलं होतं. बाई म्हणाली, दुसरी किल्ली होती. छत्तीस वर्षं, दिसेल त्याला, हातात लच्छूची तीच किल्ली घेऊन ती हेच सांगत फिरली. गावानं ठरवलं, बाईचं डोकं फिरलं.

गुलाब उठला. घर गिरणीच्या मागेच होतं. भट्टीची राख त्यानं दोन्ही हातांनी उपसली.

तो परतला तेव्हा प्रफुलच्या कपाळाला दुपट्टा बांधला होता. तो फोनवर पोलिसांना रस्ता सांगत होता.

“फोन ठेवा साहेब,” गुलाब म्हणाला, आणि राखेनं माखलेली किल्ली त्यानं गेटच्या दगडावर आपटली.

हुबेहूब तशीच. फक्त मुठीवर तीन ठिपके. आसपासच्या गावांत ज्याच्या घरी कुऱ्हाड होती, त्याला ते ठिपके माहीत होते. गुलाबच्या हातच्या प्रत्येक हत्यारावर ते असायचे.

“सोडा तिले,” तो मजुरांना म्हणाला. “वयनी, मी बनवली. मॅनेजर म्हणे, एक जास्तीची पायजे. लच्छू आत बसून होता. मले समजलं होतं वयनी. मी इचारलंच नाई काऊन पायजे म्हून. भेलो मी.”

“मंग?”

“मंग त्यानं नहरात फेकली. उन्हाळ्यात पाणी आटलं, तवा मी उचलून आणली.”

गिरजाबाई जवळ आली. तिनं ठिपक्यांवर बोट फिरवलं.

“मयतीले आलता तू,” ती हळूच म्हणाली. “माह्या लेकीले मांडीवर घेतलं होतं.”

“व्हय.”

“हात ठेव.”

गुलाबनं उजवा हात दगडावर ठेवला. तिनं लच्छूची किल्ली दोन्ही हातांनी उचलली आणि हाणली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मजूर धावले, तर म्हाताऱ्यानं डाव्या हातानं त्यांना मागं लोटलं. उजवा हात त्यानं काढला नाही. तिनं पुन्हा हाणली. मग ती थांबली, धापा टाकत.

प्रफुलनं फोन बंद केला. रॉकेलचा बोळा घेऊन त्यानं शेवटची ओळ पुसली आणि ब्रश उचलला.

“काय लिहू, बाई?”

“लच्छू रामटेके पेला नव्हता.”

“अजून?”

“दुसरी किल्ली होती.”

“कोनं बनवली थेबी लिवा,” गुलाब ओठ आवळून म्हणाला. हाताची बोटं वेडीवाकडी झाली होती. “नाव पुरं लिवा.”

प्रफुलनं गिरजाबाईकडे पाहिलं. तिनं मान डोलावली.

ओळी वाळेपर्यंत ती फलकासमोर उभी राहिली. वाचता येत नव्हतं, तरी एकेक अक्षर पाहत होती. मग आपली किल्ली तिनं दगडावर, दुसरीच्या शेजारी ठेवली.

इतक्या वर्षांत तिचा हात रिकामा नव्हता. त्याचं काय करावं ते तिला सुचेना. ती तो पदराला पुसत राहिली.