तीन ठोके

गोव्यात तुयेच्या कारखान्यात, साचे-हत्यारं घडवायच्या टूलरूममध्ये जन्म घालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? सुपारी-नारळाचं कुळागर बघील, देवळात भजनाला बसेल. जयरामनं घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. दोन माणसं बसतील एवढंच, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, परदेशातून खोक्यांत सुटं आलेलं. लोक आधी हसले आणि मग रविवारी पोराबाळांना घेऊन बघायला येऊ लागले.

त्याच्या बायकोला, चंद्रावतीला, विमानाशी काही देणंघेणं नव्हतं. पण पंख भरीव रिव्हेटनी जोडायचा असतो आणि ते एकट्याचं काम नव्हे. बाहेरून एकानं हवेच्या दाबावर चालणाऱ्या गननं रिव्हेटच्या डोक्यावर ठोकायचं, आतून दुसऱ्यानं त्याच्या शेपटाला जड ठोकळा दाबून धरायचा. शेपूट चेपून आत दुसरं डोकं तयार होतं आणि पत्रे घट्ट बसतात. पंखाच्या पोटात, पार कण्यापर्यंत, जयरामचा पंजा शिरत नव्हता. मुलाचा, प्रज्योतचाही नाही. चंद्रावतीनं बांगड्या उतरवल्या की तिचा हात मात्र खांद्यापर्यंत जाई. झालं, जुंपली तिला.

गनच्या धडधडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून जयरामनं खुणा ठरवल्या. रिव्हेट नीट बसला तर आतून एक ठोका. अजून मार हवा तर दोन. वाकडा गेला, काढून टाका, तर तीन. आत काय झालं ते बाहेरच्याला दिसत नाही. आतल्याचा शब्द शेवटचा. अख्खं विमान त्या बाईच्या ठोक्यांवर उभं होतं म्हणा ना.

आणि ती बाई खोटं बोलत होती.

विमान उडवणार होता प्रज्योत. त्याच्यापाशी पायलटचं लायसन होतं, नोकरी नव्हती. त्याच्याबरोबर शिकलेला साखळी गावचा गौरेश सरावाच्या उड्डाणात विमानासकट पडून गेला, तेव्हा चंद्रावती त्याच्या घरी जाऊन आली होती. गौरेशची आई कुणाशी न बोलता सुपात तांदूळ निवडत होती आणि निवडलेले पुन्हा न निवडलेल्यांत मिसळत होती. परतीच्या बसमध्ये चंद्रावतीनं ठरवलं, आपलं विमान पुरं होऊ द्यायचं नाही. नवऱ्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून तिनं चांगल्या बसलेल्या रिव्हेटवर तीन ठोके मारायला सुरुवात केली. सगळ्यांवर नाही. काही सोडायचे, मधूनच एकाला नाट लावायचा.

"ह्यो पण वायट? हात हलवलंस काय गो?" जयराम बाहेरून विचारी.

"माज्या हाताक काय धाड भरली नाय. तुमचां हत्यारच वायट."

हत्यार म्हटलं की जयरामला ते लगेच पटे. माणसाच्या आधी अवजारावर संशय घ्यायचा, हा त्याचा धर्मच. त्यानं गन बदलली. आधीची भराभर, हलकं मारते म्हणून लांब दांड्याची, सावकाश पण जड ठोका देणारी आणली. मग गनच्या तोंडातला साचा बदलला. मग हवेचा दाब कमी करून बघितला. शेवटी टंगस्टनचा ठोकळा मागवला, काडेपेटीहून थोडाच मोठा, पण उचलला तर मनगट खाली जावं असा. जागा अडचणीची असली की हत्यार आकारानं लहान आणि वजनानं भारी हवं, असं तो प्रज्योतला कौतुकानं सांगत होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण सरळ होतं, नाचणाराही बरा होता, आणि घरचीच बाई अंगण उकरत होती.

तीन ठोके पडले की तो रिव्हेट ड्रिलनं काढी. शेपटाचा तुकडा आत पडे. प्रज्योत पंख हलवून तो बाहेर काढी आणि एका डब्यात टाकी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारं पुसताना जयरामनं तो डबा ओतला. सहज म्हणून एका तुकड्याला मापाचं गेज लावलं. रुंदी बरोबर, जाडी बरोबर. दुसऱ्याला लावलं. मग सगळ्यांना. तसाच उठून तो स्वयंपाकघरात आला. चंद्रावती नारळ खोवत होती.

"हे सगळे बरे आसत," तो म्हणाला. "चांगल्या रिव्हेटाक तू वायट म्हटलंस. इतके दीस."

ती खोवतच राहिली.

"स्वताच्या पोराच्या वाटेत आडवी इलंस?"

"पोरासाठीच केलंय. गौरेशच्या आवशीक मी बघितलंय, तुमी नाय."

सणासुदीला तमाशा नको म्हणून तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "हात तुजो लागतलो, तेवढो दी," तो म्हणाला. "ठोके माका नकोत. माका गनच्या आवाजान कळता."

दसऱ्याला पाटावर सगळी अवजारं मांडली. गनला गोंड्याच्या फुलांचा हार. टंगस्टनचा ठोकळा मधोमध, देवासारखा. तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट जयरामनं त्याच्या तोंडावरून ओढलं. दुसऱ्या दिवशी कामाला बसताना चंद्रावतीनं तो पदरानं पुसायला घेतला, तर तो खेकसला, "पुसू नको. पूजेचां आसा ता." केसाएवढ्या फरकावरून कामगारांशी भांडणारा माणूस! पण पुजलेल्या हत्याराचं कुंकू पुसायचं नाही, ते आपसूक जाऊ द्यायचं, हे त्याच्या बापानं सांगितलेलं आणि कारखान्यातही त्यानं ते पाळलेलं.

पंखाच्या कण्याची शेवटची ओळ राहिली होती. गन धडधडली आणि चंद्रावतीच्या हातातला ठोकळा तेलावर सटकला. शेपूट चेपण्याऐवजी एका अंगाला कलंडलं. तिनं बोट फिरवून बघितलं आणि तीन ठोके मारले. गन पुढच्या रिव्हेटवर गेली. पुन्हा सटकला. तिनं पुन्हा तीन ठोके मारले, जीव खाऊन.

"पुरे तुजां नाटक!" बाहेरून आवाज आला.

तिनं हात बाहेर ओढला. बोटं कुंकवानं लाल झाली होती. "तेलान सटाकता वो! देवाशपथ, खरां सांगतंय."

"आदी पण खरांच सांगी होतंस."

तिनं त्याच्या देखत ठोकळा पदराला खसाखसा पुसला. तो तिकडे बघत राहिला, मग त्यानं गन उचलली. पुढचे रिव्हेट चांगले बसले. पहिले दोन तसेच राहिले. संध्याकाळी तिनं प्रज्योतला गाठून सगळं सांगितलं. तो हसला. "आये, तुजां भय माका कळता गो. पण आता पुरे." चिडला असता तर तिला चाललं असतं. ते हसणं तिला फार लागलं.

पंख बंद झाला, त्याला पांढरा रंग लागला. धावपट्टी बेळगावच्या बाजूला होती, तिकडे न्यायला टेंपो ठरला. टेंपो यायच्या दिवशी बापलेक जेवायला बसले होते. चंद्रावतीनं आमटी वाढली आणि ती मागच्या दारानं निघून गेली. शेडमधून ड्रिलचा आवाज आला तसा जयराम उष्ट्या हातानं धावला.

कण्याच्या ओळीतला पहिला रिव्हेट तिनं काढला होता. आयुष्यात पहिल्यांदा ड्रिल धरलेलं, भोक तिरकं गेलेलं. जयरामनं हात उगारला. तिनं मान खाली घातली नाही. तपासणीच्या झडपेतून हात आत घालून, चाचपून, तिनं तुकडा बाहेर काढला आणि त्याच्या उष्ट्या तळहातावर ठेवला. भाताच्या शितांत तो पडला होता, कलंडलेला. गेज लावायची गरजच नव्हती.

जयरामनं ड्रिल उचललं, दुसरा काढला. तोही तसाच. मग त्याचा हात ओळ सोडून पंखाच्या बाकीच्या पत्र्यावरून फिरायला लागला आणि फिरता फिरता थांबला. "जे चांगले रिव्हेट मी काढून काढून परत घातले," तो स्वतःशीच म्हणाला, "ती भोकां आता खंय गोल आसतली?" ड्रिलच्या प्रत्येक फेरीला भोक थोडं मोठं होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. कुठली भोकं सैल झाली, ते रंगाखाली आता कुणालाच सापडणार नव्हतं. आणि ह्याच्या जागी नवा पंख मागवण्याएवढे पैसे त्या घरात उरले नव्हते.

प्रज्योत दारात उभा होता, फोन कानाला. टेंपोवाला वळणापर्यंत आला होता. त्यानं फोन खाली घेतला.

"आये, बाकीचो पंख बरो आसा मा?"

दोघंही तिच्याकडे बघत होते. तिला हवं ते झालं होतं. पोरगा जमिनीवर राहणार होता. पण त्याच्या तोंडाकडे बघताना तिला गौरेशच्या आईचं सूप आठवलं, आणि आपला आनंद कुठे गेला ते तिला समजेना. चांगले किती, वाईट किती, तिचं तिलाच आता सांगता येत नव्हतं.

तिनं बोट वाकवलं आणि पंखाच्या पत्र्यावर तीन ठोके मारले. ह्या खेपेला तिला खोटं कुणीच म्हटलं नाही.