रेघेबाहेर

शर्मिला कपडे शिवायची. कुणकेश्वरच्या अलीकडे एका वाडीत तिचं घर होतं, पडवीत शिलाईचं मशीन. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाऊ मुंबईला स्थिरावला होता. तरुणपणी ती जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळली होती. पुढे खेळ सुटला, लग्नाचंही कुठे जमलं नाही. वाडीच्या वरच्या अंगाला मातीचा एक सपाट तुकडा होता. तिथे संध्याकाळी ती मुलींना खो-खो शिकवायची. मुली इतक्या मोजक्या, की एखादीला ताप आला तरी त्या दिवशी डाव मांडता येत नसे.

पळायला, हुलकावणी द्यायला ती शिकवायचीच. पण तिचा एक नियम सगळ्यांच्या वरचा. बाद झालं की पंचाच्या तोंडाकडे बघत राहायचं नाही. आपणच हात वर करून बाहेर यायचं.

"पंचान बघूकच नाय तर?" अपेक्षाने एकदा विचारलं होतं.

"तू बघलंस मां? मग झाला."

त्या वर्षी तालुक्याची स्पर्धा जामसंड्याला होती. वाडीचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. टेम्पो भरून माणसं बघायला आली. शेवटच्या डावात गुण बरोबरीत होते आणि पळत होती दिव्या, वाडीतल्या दुकानदाराची, जितेंद्रची मुलगी. शिट्टी होईपर्यंत टिकायचं, एवढंच उरलं होतं. खांबाजवळ हुलकावणी देताना तिचा तोल गेला आणि दोन्ही पाय चुन्याच्या रेघेबाहेर पडले. पंचांची नजर नेमकी दुसरीकडे होती. दिव्या झटकन आत आली, दोन पावलं पळाली आणि थांबली. तिने शर्मिलाकडे बघितलं.

खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करावा, दिसलंच नाही असं दाखवावं, असं शर्मिलाला क्षणभर अगदी मनापासून वाटलं. मग तिने मान हलवली.

दिव्याने हात वर केला. सामना एका गुणाने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जितेंद्र पडवीत येऊन उभा राहिला.

"ताई, पंच कित्या ठेवलेले? ता तेंचा काम. तुमी माझ्या चेडवाक हरूक शिकवलात."

"खरा खेळूक शिकवलंय."

"रातभर रडला ता. तेचा काय?"

माणूस वाईट नव्हता. त्याच्या बायकोचा ब्लाऊज शिवून तयार होता. तिने तो कागदात गुंडाळून दिला, त्याने घेतला आणि तो गेला.

मग एकेक मुलगी यायची थांबली. अपेक्षाला शिकवणी लागली, कुणाला घरात काम निघालं. भांडण कुणी केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. शर्मिला तरीही काही दिवस जाऊन चुन्याच्या रेघा मारायची आणि बांधावर बसून राहायची. घराकडे निघालेली गुरं त्या रेघा तुडवत जायची. खालून समुद्राचा आवाज यायचा. पुढे तिने चुन्याची पिशवी घरातच ठेवली. जूनमध्ये दिव्यालाही कुडाळला आत्याकडे शिकायला पाठवलं.

श्रावणात एका संध्याकाळी आत्याच्या फोनवरून दिव्याचाच फोन आला.

"ताई, हंयसर पण खो-खो आसा. पण कोणच आपणाहून भायर जाणा नाय. मी एकटाच हात वर करतंय. पोरी हसतत. आता माका टीमात घेऊक कोण तयार नाय."

शर्मिला मशीनवरून उठली. "खूप एकटा वाटता?"

"होय."

"माकाही वाटता गो," ती म्हणाली. लहान मुलीला असं सांगावं का, हा विचार तिच्या मनात नंतर आला.

बाजाराच्या दिवशी अस्तर आणि धागे घ्यायचे म्हणून ती एसटीने कुडाळला गेली. अस्तर जवळच्या देवगडलाही मिळालं असतं. शाळा सुटायच्या वेळेला ती मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिली. एक मुलगी आली नव्हती, म्हणून त्या दिवशी दिव्याला घेतलं होतं. ती छान पळाली. मग तिच्या पाठीला नुसतं बोट लागलं, पंचांना दिसलं नाही, आणि तिचा हात वर गेला. मुली चिडल्या. एकीने तिच्या अंगावर माती उडवली.

दिव्या येऊन शर्मिलाजवळ बसली.

"जामसंड्याक तुमी मान हलवलात, म्हणान मी गेलंय," ती म्हणाली. "हंयसर मान हलवणारा कोण नाय. तरी हात वर जाता. कित्या, ताई?"

"माका ठावक नाय," शर्मिला म्हणाली.

तिने पदराने दिव्याच्या मानेवरची माती पुसली. स्टँडपर्यंत दोघी चालत गेल्या. वाटेत दिव्याने तिच्या हातातली अस्तराची पिशवी घेतली आणि गाडी लागेपर्यंत ती सोडली नाही.

"परत येशात?"

"येतलंय."

गाडी सुटली. खिडकीतून शर्मिलाला ती बराच वेळ दिसत राहिली, गर्दीत एका बाजूला उभी.